चर्चच्या शिशाचा शाप

हॅगडेलच्या चर्चमागच्या झऱ्यापाशी त्या रविवारीही रांग लागली होती. यॉर्कशरच्या डोंगरातलं एवढंसं गाव, पण शाप उतरवणारा ब्रदर सायलस आल्यापासून गाड्या लावायला जागा मिळेना! तो येईल त्याच्या तळहातावर पांढरं मलम चोळायचा, हात झऱ्याच्या पाण्याच्या घंगाळात बुडवायला लावायचा, आणि बघता बघता तळवा काळाठिक्कर पडायचा. लोक छातीवर क्रूसाची खूण करायचे.

"पाहिलंत?" सायलस गरजायचा. "तुमच्या पूर्वजांनी चर्चच्या जमिनीतलं शिसं खणून नेलं. पाद्री कोर्टात हरला आणि शाप देऊन मेला. ते चोरीचं शिसं तुमच्या रक्तातून मी उपसतोय!"

रांगेत मधुमती उभी होती. लीड्सच्या शाळेत जन्मभर केमिस्ट्री शिकवून ती नवऱ्याबरोबर, जयंतबरोबर, इथे राहायला आली, आणि वर्षाच्या आत जयंत गेला. रीडिंगहून मुलगा परीक्षित फोन करायचा, "आई, मूव्ह हो ना इकडे." ती "बघू रे" म्हणायची. गावात बोलायला फक्त शेजारची एडिथ होती. तिनेच आज ओढून आणलं होतं. मधुमतीचा विश्वास नव्हता. पण कित्येक महिन्यांत तिचा हात कुणी हातात घेतला नव्हता.

घंगाळाजवळ सडक्या अंड्यांचा वास आला. गंधकाचा झरा! तिने मलमाकडे पाहिलं, मग एडिथकडे. रोज घरीही मलम चोळणारी एडिथ पांढरीफटक पडली होती, पोट दाबून उभी होती. शिसं पोटात गेल्याची हीच लक्षणं, मधुमतीला आठवलं.

रांगेतल्या लोकांसाठी मांडलेल्या चहाच्या टेबलावरची बशी उचलून तिने सायलसपुढे धरली. "आधी या बशीला लावा."

"देवाची थट्टा करता?"

तिने स्वतःच बोटभर मलम बशीला फासलं आणि बशी पाण्यात बुडवली. बशी काळी झाली.

"ब्रदर, या बशीचे पणजोबा कुठल्या खाणीत होते?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"मलमात शिसं आहे, पाण्यात गंधक," मधुमती लोकांकडे वळली. "दोन्ही एकत्र आले की काळं होतं. रक्तातून काही निघत नाही. उलट त्याच हातांनी तुम्ही जेवता, म्हणजे शिसं पोटात जातं!"

"पण खटला तर खरा ना?" एकाने विचारलं.

"खरा," आताच्या पाद्रीबाई पुढे आल्या. "जमीन चर्चची, पण जुन्या रिवाजाने खणण्याचा हक्क खाणवाल्यांचा, म्हणून भांडण. शेवटी तडजोड झाली. निघेल त्यातला दहावा हिस्सा चर्चला. शापबिप कुणी दिला नाही."

सायलसने गुपचूप डबे आवरले.

हॉस्पिटलकडे जाताना गाडीत एडिथ चिडून रडत होती. "तो माझा हात धरायचा, मधू. तुला काय कळणार?"

"कळतं. मीही त्यासाठीच रांगेत होते."

लीड्सच्या हॉस्पिटलात एडिथच्या रक्तात शिसं सापडलं. ती वाचली, पण मधुमतीशी बोलेना. गावातही काहीजण मान फिरवून जात. रोज संध्याकाळी मधुमती एकटीपुरता चहा करी. तरी तिला एकदाही वाटलं नाही, की गप्प बसायला हवं होतं.

एकट्या माणसाला आधार हवासा वाटतो, यात लाजण्यासारखं काही नाही. पण आधार देणारा तुमच्या रक्तात पाप आहे म्हणाला, तर त्याला विचारा, "कशावरून?" आणि उत्तर मिळेपर्यंत मलम लावून घेऊ नका.