स्टिअरिंग सुटल्यावर

गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्याला ‘ड्रायव्हर’च म्हणत. कोणी दारात येऊन विचारलं, तर बायकोही आतून सांगायची, "ड्रायव्हर झोपलेत हो, पहाटेची ड्युटी होती." लांबच्या गावांना जाणारी मोठी प्रवासी बस तो चालवायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याच एका सीटवर गेली होती. त्याचा कंडक्टर म्हणायचा, "आमच्या गाडीत बाळ निजलं की थेट शेवटच्या स्टॉपलाच उठतं." कंडक्टरला तिखटमीठ लावून बोलायची सवय होती, पण हे तो मनापासून बोलायचा.

एका दुपारी बस स्टँडमध्ये शिरत होती. वेग माणसाच्या चालीइतकाच. फलाटाशी वळायचं तिथे ती वळलीच नाही. सरळ पुढे गेली आणि छपराच्या खांबाला जाऊन धडकली. पुढची काच खळ्ळकन फुटली. उतरायच्या घाईने आधीच उभी राहिलेली एक बाई तोल जाऊन पडली आणि तिचं मनगट मोडलं. "अरे, डोळे कुठे गेले तुझे?" असं ओरडत कंडक्टर पुढे धावला आणि जागच्या जागी थबकला. ड्रायव्हर सीटवर वाकडा झाला होता. हातपाय ताठ, अंग आचके देत होतं, ओठांच्या कडेने फेस येत होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठे आहे?"

"गाडी ठीक आहे. एका बाईचं मनगट गेलं, बाकी सगळे धडधाकट आहेत," कंडक्टर म्हणाला. "आता तू गप पडून राहा."

कंडक्टर चहा आणायला बाहेर गेला, तसा ड्रायव्हरने बायकोचा हात धरला. "हे बघ, डॉक्टरीणबाई विचारतील. आधी कधी असं काही झालं नव्हतं. समजलं ना?"

बायकोने हात सोडवून घेतला आणि त्याचं पांघरूण सारखं केलं. तिने दोनदा पाहिलं होतं. एकदा दाढी करताना वस्तऱ्याचा हात गालापाशीच थांबला होता आणि नजर आरशाच्या पार पलीकडे गेली होती. एकदा जेवताना घास हातात राहिला आणि ताट मांडीवरून खाली गेलं. दोन्ही वेळा तो "जरा तंद्री लागली" म्हणाला होता, आणि तिनेही ते खरं मानून घेतलं होतं. न मानून करणार काय होती?

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं ठाम. त्यांनी रिपोर्ट पाहिले, त्याच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला आणि विचारलं, "याआधी कधी फिट आली होती? किंवा मधेच भान हरपल्यासारखं, हाक ऐकू न आल्यासारखं?"

"नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर तो खांब आला. खांबाच्या मागे बाकावर बसलेली माणसं आली. ती तिथे गेलीही नव्हती, कंडक्टरकडून नुसतं ऐकलं होतं.

"झालं होतं," ती म्हणाली. "दोनदा. मी स्वतः पाहिलं."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गोळ्या रोज, न चुकता. जागरण नाही. एकट्याने पोहणं नाही, उंचावर चढणं नाही. आणि गाडी नाही. प्रवाशांची तर नाहीच नाही.

"कधीच नाही?" त्याने विचारलं.

"गोळ्यांवर पुरेशी वर्षं एकही फिट न येता गेली, तर पुन्हा तपासणी होते. नाही म्हणत नाही मी. पण आशा लावून बसू नका."

तो नेमकी तीच आशा लावून बसला.

घरी आल्यावर त्याने बायकोशी अबोला धरला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "जेवायला वाढ," "गोळ्या संपल्या," एवढंच. बायको घरी शिवणकाम करायची, लोकांच्या पँटा आखूड करायची, चेनी बदलून द्यायची. दिवसभर तिच्या मशीनचा आवाज आणि त्याच्या येरझाऱ्या, याशिवाय घरात काही ऐकू येत नसे. सासरी असलेली लेक फोन करायची, "बाबा, आयुष्यभर राबलात, आता जरा आराम करा." तो "हं" म्हणून फोन बायकोकडे द्यायचा. फक्त एकदाच तो म्हणाला, "माझी भाकरी तू माझ्यादेखत हिरावलीस." ती तेव्हा सुईत दोरा ओवत होती. दोरा काही नाकात जाईना.

बसच्या कंपनीत दुसरं काम नव्हतं, निदान त्याच्यासाठी नव्हतं. मग वणवण सुरू झाली. गोदामात गेला, तर तिथे शिडीवर चढून खोकी उतरवायची होती. वॉचमनची जागा होती, पण पाळी रात्रीची. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक जुना ओळखीचा. त्याने पाठीवर हात ठेवला, चहा पाजला आणि म्हणाला, "तुमच्यासारखा शिकवणारा मिळायचा नाही. पण शिकाऊ पोरांशेजारी बसावं लागतं ना, मध्येच काही झालं तर ब्रेक मारायचा कोणी?" त्याने मान डोलावली. कप खाली ठेवून तो उठला.

एका सुतारकामाच्या कारखान्यात त्याने आजाराचं सांगितलंच नाही. लगेच काम मिळालं. करवतीच्या मशीनला फळी लावायची, पलीकडून धरायची. घरी आल्यावर बायकोने त्याच्या शर्टावरचा भुसा पाहिला, नाकाशी धरून वास घेतला आणि शर्ट निमूटपणे झटकून दोरीवर टाकला. काय काम मिळालं, कुठे मिळालं, चकार शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पातं फिरायला लागलं तसे त्याचे हात थरथरू लागले. फिटमुळे नाही, भीतीमुळे. दुपारी तो स्वतःच उठून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गल्लीतले लोक वाईट नव्हते. पण सवयीने हाक जायचीच, "काय ड्रायव्हर, कुठे निघालात?" आणि मग बोलणारा जीभ चावायचा. ते जीभ चावणं त्याला हाकेपेक्षा जास्त लागायचं.

शेवटी कंडक्टरच कामी आला. त्याची मेहुणी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागाची प्रमुख होती. "चादरींच्या घड्या घालायला माणूस हवाय," कंडक्टर म्हणाला. "आजाराचं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, इस्पितळात आजारी माणसाला कोण नाही म्हणणार? फक्त तिच्याशी वाद घालू नकोस. माझा साडू आजवर एकदाही जिंकलेला नाही."

धुलाई विभाग तळघरात होता. एका बाजूला गोल काचांची मोठाली यंत्रं घरघरत असत, दुसऱ्या बाजूला वाफाळणारी इस्त्रीची मशिनं, आणि मध्ये लांबलचक टेबलं. सगळीकडे साबणाचा आणि गरम सुताचा वास. प्रमुख बाई ठेंगण्या, आवाज मात्र यंत्रांच्या वर चढणारा. पहिल्या दिवशी त्यांनी चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"ताणून धरा. आता पुढे या. आता मागे व्हा. अहो, सरळ मागे! इतकी वर्षं गाडी मागे घेतलीत ना?"

बाजूच्या बायका हसल्या. तोही कसनुसं हसला. आणि हसताना त्याला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून त्याने चादर तोंडासमोर उंच धरली.

हळूहळू काम हाताला बसलं. पगार बेताचा, पण वेळेवर. बायका डब्यातलं पुढे करत, तो संकोचत घेई. घरातला अबोला थोडा सैल झाला, इतकंच. आज कुठलं यंत्र बिघडलं, बाई कोणावर कडाडल्या, असं काहीबाही तो सांगायचा. बायको ऐकायची, हसायच्या जागी हसायची. पण त्याच्या तब्येतीबद्दल ती एक अक्षर काढत नसे. गोळ्या आणि पाण्याचा पेला ताटाशेजारी ठेवायची आणि बाजूला व्हायची. तो मनातल्या मनात फिट न आलेला काळ मोजायचा. वर्ष उलटलं. पुन्हा तपासणी होईल, पुन्हा सीटवर बसेन, असं तो कोणाला बोलून दाखवत नसे, पण कामावर जाताना मोठ्या रस्त्याला थांबून जाणाऱ्या बसेसचे टायर, वळणं, ब्रेक सगळं निरखून बघायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्या वर गेल्या होत्या. उरलेले टॉवेल रचून मग जावं म्हणून तो एकटाच मागे राहिला. पुढचं त्याला आठवलं ते जमिनीवरून. गाल टॉवेलांच्या ढिगात, तोंडात रक्ताची चव, जीभ सुजलेली. यंत्रं तशीच घरघरत होती. कोणी आलेलं नव्हतं. कोणी पाहिलेलं नव्हतं.

तो भिंतीच्या आधाराने उठला. नळावर तोंड धुतलं. एका टॉवेलवर रक्ताचा डाग पडला होता, तो त्याने मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकला. इस्पितळाच्या टोपलीत रक्ताचा एक डाग कोणाच्या नजरेत येणार होता? बायका परत आल्या तेव्हा तो टेबलाशी उभा राहून घड्या घालत होता. "अंगात थोडी कणकण आहे," म्हणून तो लवकर निघाला.

घरी बायकोने पुढ्यात ताट ठेवलं. तो एकाच बाजूने चावत होता, तेही सावकाश. बायकोने पाहिलं. तिची नजर त्याच्या तोंडावर थांबली, मग खरचटलेल्या कोपरावर गेली. ती उठली, पाणी घेऊन आली आणि खाली मान घालून जेवू लागली. हातातला घास मात्र तिने तसाच परत ताटात ठेवला.

त्याला सगळं कळलं. तिला दिसलं होतं, आणि ती विचारणार नव्हती. तो गप्प राहिला असता तर तीही जन्मभर गप्प राहिली असती. आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांसमोर दुपारचं ते जमिनीवर पडणं आलं. त्याची जुनी गाडी दुपारी त्या सुमारास नदीवरच्या पुलावर असायची. भरलेली.

"आज आली," तो म्हणाला.

बायकोने मान वर केली नाही. "कुठे लागलं?"

"जीभ चावली गेली. कोपर. बाकी काही नाही." मग म्हणाला, "तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"पुन्हा माझ्या तोंडून निघायला नको होतं," ती म्हणाली, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडू लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते आवरेना. खरकट्या हाताने तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"तू त्या दिवशी बोलली नसतीस तर..." एवढं म्हणून तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आधी प्रमुख बाईंना गाठलं. खाली बघत सगळं सांगितलं, टॉवेलासकट. आता हेही काम गेलं, असं धरूनच तो आला होता. बाईंनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"एकटे मागे राहायचं नाही. इस्त्रीच्या मशीनजवळ फिरकायचं नाही. आणि पुन्हा माझ्यापासून लपवलंत, तर मात्र मी स्वतः हाकलीन. जा आता, डॉक्टरकडे जाऊन या."

डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. तपासणीचं त्यानेच विचारलं, उत्तर माहीत असूनही. "आता ते सोडून द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गोळ्या चालू असताना आलीय ना." त्याने मान हलवली. बायको शेजारी होती. तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.

बाहेर पडल्यावर ते थोडं चालले. रस्त्याकडेला एक बाक होता, त्यावर दोघं बसले. समोरून माणसं जात होती. कोणाच्या हातात भाजी, कोणाच्या कडेवर मूल. मग तो बोलू लागला, तिच्याकडे न बघता.

"पहाटे डेपोतून गाडी बाहेर काढायचो ना, तेव्हा आत कोणी नसायचं. सगळी बाकं रिकामी. पहिल्या स्टॉपपर्यंत मी एकटा. कंडक्टरसुद्धा तिथेच चढायचा. इंजिन हळूहळू गरम व्हायचं, काचेवरचं दव निघत जायचं. तेवढा वेळ मला फार आवडायचा. कोणाला कधी सांगितलं नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली.

"तुलाही नाही."

"कुठल्या रस्त्याने जायचास तू, डेपोतून?" नेहमी अहोजाहो करणारी ती लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला एकेरीत बोलली. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तो सांगू लागला. डेपोचं फाटक, मग उतार, मग शाळेची लांब भिंत. सांगता सांगता त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही, आणि तिनेही त्याला थांबवलं नाही. भिंत संपली की डावीकडे वळण होतं. तिथे एक म्हातारा रोज गाडीला हात करायचा, बसायचा मात्र कधीच नाही, असं त्याने सांगितलं, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तो रडू लागला. येणारेजाणारे बघत होते. बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.