मुक्या सुराची पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो. आहे म्हणायचं, एवढंच! सध्या मुक्काम माळ्यावर. शेजारी एक फुटकी बादली. तिच्याशी काय बोलणार, कपाळ!

सुताराने मला घडवलं तेव्हा माझे सगळे सूर खणखणीत होते. पुढे एका शिंप्याने मला जुन्या बाजारातून आणलं, तोवर माझी मधली एक काळी पट्टी मुकी झाली होती. दाबली की नुसतं फुस्स! शिंप्याची मुलगी दिवसभर काहीबाही गुणगुणायची, म्हणून घरात सगळे तिला भुणभुण म्हणत. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि ही शिलाई मशीनच्या खडखडाटात माझ्यापुढे ठाण मांडून. जेवायला हाका मारून मारून तिची आई थकायची.

मुकी पट्टी आली की भुणभुण तेवढा सूर स्वतः गायची. बोटं माझ्यावर, गळा तिचा. आम्ही दोघी मिळून गाणं पुरं करायचो. इतके लाड माझे कुणीच केले नाहीत.

शिंप्याला मात्र वाईट वाटे. पोरीला मोडकी पेटी दिली, हे त्याच्या जिवाला लागलं होतं. तिच्या वाढदिवसाला त्याने गुपचूप कारागीर बोलावला आणि ती पट्टी दुरुस्त करून घेतली.

"वाजव बघू आता!" तो हौसेने म्हणाला.

ती वाजवू लागली. मुकी पट्टी आली, ती तोंड उघडणार, तोच मी वाजले. ती थांबली.

"बाबा, आता मी कुठे गाऊ?"

"अगं, मोडकं होतं ते नीट केलं ना!" बापाला काही कळेना.

ती उठली, खिडकीशी गेली आणि अख्खं गाणं एकटीने गायली. शिंप्याने मशीन थांबवलं. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी धडधाकट झाले आणि एकटी पडले. ती पुन्हा माझ्यापुढे बसलीच नाही.

आज ती मोठी गायिका आहे. परवा माहेरी आली होती. शिडीवर तिची पावलं वाजली आणि माझा जीव नुसता वरखाली झाला. तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. "अगंबाई, एवढीशी होती ही!" म्हणत हसली, आणि पाहुण्यांसाठी गादी काढून खाली गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल, तर दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. घटकाभर त्याच्याजवळ बसा. मला तर कुणी वाजवलं नाही तरी आता चालतं. नुसतं बसलं, तरी पुरे.