हात की गाडी

नानांना रिमोटच्या गाड्यांचं वेड लागलं ते निवृत्तीनंतर. उभा जन्म कारखान्यात क्रेन चालवलेला माणूस तो, लोखंडाचा ठोकळा फुलासारखा खाली ठेवणारा. असे हात रिकामे बसतात होय? सुनेनं आधी नाक मुरडलं, मग एकदा त्यांच्यासोबत शर्यतीच्या मैदानावर गेली आणि तीही बिघडली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला, बारीक स्क्रूंशी रोजची गाठ. त्यामुळे बग्गी, म्हणजे नानांची ती रिमोटची गाडी, चालवायची सासऱ्यांनी आणि दुरुस्त करायची सुनेनं, अशी वाटणी आपोआप होऊन बसली. तिचा नवरा म्हणायचा, "या घरात माझा नंबर बग्गीच्या खालोखाल." त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग नाना आजारी पडले. बरे झाले, पण चहाचा कप उचलला की बशीवर वाजायला लागला. आणि नेमकं त्याच सुमारास बग्गीचंही बिनसलं. सरळ रस्त्यावर भरधाव निघाली की तिचं नाक डावीकडे-उजवीकडे थरथरायचं. आता यावरून लोक काय समजायचे ते समजलेच. तोंडावर मात्र कुणी बोलेना, एक बेकरीवाला सोडून. गेल्या मोसमातला विजेता तो. मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

"नाना, आता नुसत्या फेऱ्या मोजायला बसा," तो म्हणाला. "खुर्ची आहे, सावली आहे. हाताला त्रास नको."

नाना हसले. घरी आल्यावर सुनेला म्हणाले, "या मोसमाची फायनल माझी शेवटची. मग रिमोट तू घे. चारचौघांत शोभा करून घ्यायची नाही मला."

नको म्हणावं, तर तिलाही मनातून तेच वाटत होतं ना. हातच कापतोय यांचा, दुसरं काय.

फायनलच्या सकाळी सरावाच्या फेऱ्या झाल्या आणि होती नव्हती तीही अब्रू गेली. सरळ रस्त्यावर थरथर होतीच, वर आता बग्गी वळणावर वळेचना. पहिल्या वळणावर जी सरळ गेली ती कडेच्या पाइपवर धाडकन आदळली. पात्रता फेरीतही तोच तमाशा. फायनलला जागा मिळाली ती सगळ्यांच्या मागे.

टेबलावर गाडी उलटी करून सून बघत बसली. टायर ठीक, शॉक ठीक, चाकं वळवणारी छोटी मोटार ठीक. मग तिनं रिमोट उचलला आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, वळण्याचं प्रमाण कुणी कमी केलं हो इथे?"

नाना खाली बघत म्हणाले, "मीच केलं काल. म्हटलं, हात हलला तरी चाकं कमी हलतील. तुला कशाला सांगायचं?"

सुनेनं रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, "मीपण परवा आतल्या सेटिंगमधून स्टिअरिंग मऊ केलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

घ्या. एकमेकांना चोरून दोघांनी एकाच भाजीत मीठ घातलेलं. आता कुणाला बोल लावणार? आधी नाना हसले, मग सून, आणि हसता हसता ती एकदम थांबली.

"थांबा बाबा. आपण दोघांनी मिळून स्टिअरिंग इतकं मंद केलं की गाडी वळेना. मग तुमचा हात कापतो म्हणून थरथर होत असती, तर तीही कमी व्हायला हवी होती ना? ती तर तसूभरही कमी झाली नाही."

तिनं दोन्ही सेटिंग पूर्ववत केली. रिमोट चालू करून टेबलाच्या पार टोकाला सरकवला. "कुणी हात लावू नका," असं बजावून तिनं बग्गीचं पुढचं डावं चाक दोन बोटांत धरून हलवलं. घट्ट. उजवं धरलं. ते खुळखुळलं.

"बघा," ती म्हणाली. "रिमोट तिकडे, तुमचे हात खिशात, आणि चाक तरीही हलतंय."

स्टिअरिंगच्या दांडीच्या टोकाला प्लास्टिकची इवलीशी वाटी असते, तिच्यात धातूची गोळी बसते. वाटीत माती जाऊन ती आतून झिजली होती. बाहेरून दिसायला ठणठणीत. नाना त्या वाटीकडे किती तरी वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

सुनेनं नवी वाटी चढवली, दांडी पहिल्याइतकीच लांब ठेवून चाकं सरळ केली, तोवर फायनलचा पुकारा झाला.

चालकांच्या मचाणावर नाना सगळ्यात कडेला उभे राहिले. शिटी झाली आणि बग्गी दोरीत ओवल्यासारखी सरळ निघाली. नाक हललं नाही. पहिल्या वळणावर घोळका एकमेकांत अडकला, नाना आतल्या बाजूनं निघून गेले. मग एकेक गाडी मागे पडत गेली. उडीच्या उंचवट्यावर बग्गीचं नाक हवेत खाली झुकलं, की नाना बोटानं हलकाच गॅस द्यायचे, नाक वर यायचं आणि चारही चाकं एकदम जमिनीला टेकायची. ठोकळा खाली ठेवावा तशी. खाली सून मुठी आवळून उभी होती.

पुढे उरला बेकरीवाला. शेवटच्या फेरीत तो उडीवरून जरा जास्तच जोरात सुटला, लांब जाऊन पडला आणि वळणाला फाकला. नानांनी तेवढी फट पुरेशी मानली. आत घुसले, सुटले आणि गाडीभर अंतरानं रेषा ओलांडली.

मैदानावर एकच गिल्ला झाला. बेकरीवाल्यानं स्वतःचा रिमोट काखेत मारला आणि नानांचे दोन्ही हात धरले. "काढलीत की माझी पिसं, नाना," तो म्हणाला. "खुर्चीचं बोललो ते माझे शब्द मागे घेतो."

नाना मचाणावरून खाली आले. सून रडत होती, त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. मग तिचाच फोन मागून घेतला आणि मुलाला लावला. पलीकडून त्यानं विचारलं असणार, जिंकलात का, कारण नाना म्हणाले, "जिंकलो रे, ते सांगेल ही. तू आधी माझं ऐक. थरथर गाडीची होती. माझ्या हाताची नव्हती."

पलीकडे काय बोलणं झालं कोण जाणे. नानांनी फोन कानाला घट्ट धरला आणि पुन्हा म्हणाले, "माझ्या हाताची नव्हती."