भिंगावरचं दव

झाकण बसत नव्हतं. दुर्बिणीच्या तोंडावरचं ते काळं, वाटीएवढं झाकण गारठलेल्या बोटांत नुसतंच फिरत होतं... अंधार पडून तासच झाला होता, पण गच्चीवर थंडी अशी की आपलं नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं. झाकण इथंच लावायचं, दुर्बीण इथंच पिशवीत घालायची आणि घरात नेल्यावर तासभर पिशवी उघडायची नाही. नाहीतर उबेत शिरल्याबरोबर गार काचेला घाम फुटतो. दुर्बिणीला तो असं जपायचा — तळहातावरच्या फोडासारखं.

काल बायको पहिल्यांदा वर आली होती. "चल ना, शनीची कडी दाखवतो," म्हणून त्याने किती वर्षं विनवण्या केल्या, आणि ती म्हणायची, "माझ्या राशीला एक शनी बसलाय तेवढा पुरे!" काल मात्र आपण होऊन आली, शाल गुंडाळून, थर्मासमध्ये चहा घेऊन. त्याला कोण आनंद झाला! तिला बसायला स्टूल आणायला तो खाली धावला. परत येतो तर काय — शालीच्या टोकाने ती भिंगावरचं दव पुसत होती, लहान मुलाचं नाक पुसावं तसं. "बघा हो, किती धुरकट झालं होतं. तुम्हाला काही दिसलंच नसतं."

"अक्कल आहे का तुला? चरे पडतात! कळत नाही त्यात हात कशाला घालतेस?"

स्टूल त्याच्या हातातच होतं. ती थर्मास कठड्यावर ठेवून खाली गेली.

सकाळी उजेडात त्याने भिंग न्याहाळलं. एक चरा नाही... नुसता पुसट फराटा. मग कामावर, शीतगृहातलं यंत्र तपासून तो बाहेर आला तेव्हा चष्म्यावर धुकं धरलं, आणि त्याने शर्टाचं टोक ओढून काच खसाखसा पुसली. रोजच पुसतो. वॉचमन म्हणाला, "साहेब, पुसून पुसून काचेची चाळण केलीत की!" त्याला हसू आलं नाही. शर्टाचं टोक हातात धरून तो उभाच राहिला — मला दिसावं म्हणून पुसलं होतं गं तू, माझ्यासाठी... आणि मी? जीभ झडली का नाही माझी?

आता पिशवी घेऊन तो खाली आला. स्वयंपाकघरात ती कणीक मळत होती. भांडण झालं की गप्प राहायचं, दोन दिवसांत राग आपोआप निवतो, मग ती एखादा टोमणा मारते आणि गाडी रुळावर येते — संसारभर हेच चालत आलं होतं. कामावरून येताना जुळवलेले माफीचे शब्द त्याने तसेच ठेवले. तो टोमण्याची वाट बघत दारात उभा राहिला.

"आकाश स्वच्छ होतं का?" तिने विचारलं.

"हो... बऱ्यापैकी."

"बरं झालं. हात धुऊन घ्या, वाढते."

आवाजात राग नव्हता. त्याने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, कुठे धार सापडते का... नव्हतीच. शेजाऱ्याच्या प्रवासाची चौकशी करावी तितक्याच आपुलकीने तिने विचारलं होतं. राग असता तर त्याला तो घालवता आला असता. आज पहिल्यांदाच, नळाखाली हात धरून, त्याला तिची भीती वाटली.