मांडीवरचे हात

धाकटीचं डोलणं थांबलं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. एकट्या थोरलीलाच ते बरं वाटेना, पण का ते तिलाही सांगता येईना.

दोघी बहिणी घरातच शिवणकाम करायच्या. थोरली मशीनवर, धाकटी इस्त्रीच्या टेबलाशी. धाकटीला ऑटिझम आहे हे लहानपणीच कळलं होतं. भांडं पडलं, कुणी खो खो हसलं, की ती मागेपुढे डोलायची, घशातल्या घशात एकच सूर धरायची आणि थोड्या वेळानं आपली आपण ताळ्यावर यायची. गिऱ्हाइकं टकामका बघत राहायची. आईला तेच लागायचं. "चारचौघांत मान खाली जाते गं," म्हणायची.

मग कुणीतरी अशांना वळण लावणाऱ्या शिकवणीच्या बाई सुचवल्या. बाई हसतमुख, बोलणं साखरेत घोळलेलं. हात मांडीवर, ओठ मिटलेले, नजर समोर. जमलं की शाबासकी, नाही जमलं की पुन्हा पहिल्यापासून. बघता बघता धाकटी मूर्तीसारखी बसायला लागली.

"गरीब गाय झालीये नुसती," आई कौतुकानं म्हणाली.

"आई, ती जेवत नाहीये."

"जेवेल. तुला ना, सुखसुद्धा टोचतं."

थोरलीची नजर मात्र धाकटीवरून हटेना. कात्री फरशीवर खणखणली, तरी धाकटीची पापणी हलली नाही. पूर्वी तिनं कान गच्च झाकले असते. ओठ सुकून फुटले तरी ती पाणी मागेना. बोलणं एकेका शब्दावर आलं, मग तेही आटलं. "काय होतंय, सांग की," असं विचारलं, की ती मांडीवरचे हात आणखी दाबून धरायची.

एका दुपारी थोरली पडदे शिवत होती. करपल्याचा वास आला. कापड जळतंय असं वाटून ती न वळताच म्हणाली, "अगं, इस्त्री उचल." मागून हूं नाही की चूं नाही. वळून पाहते तर इस्त्री धाकटीच्या डाव्या हाताच्या कडेला टेकलेली आणि ती भिंतीकडे बघतेय. ओठ मिटलेले, नजर समोर.

थोरली धावली. तिनं इस्त्री ढकलली, हात ओढून नळाखाली धरला. कातडी सोलून निघाली होती. धाकटी कण्हलीसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या. थोरलीनं त्यांना सगळं सांगितलं.

"हिला दुखत नाही का हो?"

"नाडी बघा कशी धावतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोलून, सूर धरून तिची मज्जासंस्था स्वतःला सावरत होती. तुम्ही तेच बंद केलंत. आतला कालवा थांबलेला नाही, नुसता दिसेनासा झालाय. आता तर भूक, तहान, चटका, काहीच तिच्यापर्यंत नीट पोचत नसावं."

"होईल ना पहिल्यासारखी?"

त्यांनी पट्टीची गाठ मारली. "घाई करू नका," एवढंच म्हणाल्या.

शिकवणी बंद झाली. आवाज, उजेड कमी व्हावा म्हणून आईनंच धाकटीच्या खोलीला जाड पडदे लावले. थोरली बहिणीशेजारी बसून स्वतःच डोलायची. कितीतरी आठवडे गेले. एकदा धाकटी जराशी डोलली आणि लगेच घाबरून दाराकडे बघू लागली. हाताची जखम भरून आली. शब्द मात्र मोजकेच परतले. अजूनही परकं माणूस आलं, की तिचे हात आपोआप मांडीवर जातात.

मध्यंतरी थोरली शिकवणीच्या बाईंना हे सांगायला त्यांच्याकडे गेली.

"मी तर कधी आवाजही चढवला नाही हो," बाई हसून म्हणाल्या. ते खरंच होतं. त्या आत गेल्या, वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. वर्गाच्या काचेपलीकडे रांगेत बसलेल्या मुलांपैकी एकानंही मान वळवली नाही.

बाहेर बाकावर एक बाप मुलीची वाट बघत बसला होता. थोरलीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, जरा सरकून बसला.

"आमची तर फार शहाणी झालीये," तो म्हणाला.

"ती शेवटचं काय बोलली, आठवतं का?"

तो आठवू लागला. मग उठला आणि काचेला डोळे लावून आत बघायला लागला.