टपोरा ठिपका

कारखान्यात सगळे तिला जंतूंची आई म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण तिला ते आवडायचं. मातीत सापडलेला एक जंतू, त्याच्या पोटात डासांच्या अळ्या मारणारं विष, आणि तो वाण अकरा वर्षं जिवंत ठेवणारी ही. दर महिन्याला काचेच्या ताटलीत जंतू पसरायचे. ठिपके उगवले की त्यातला सगळ्यात टपोरा, सगळ्यांच्या आधी फुगलेला ठिपका सुईने उचलायचा आणि नव्या ताटलीत लावायचा. त्याच्यापासून टाकीभर जंतू, टाकीतून पावडर, पावडर घरोघरच्या पिंपांत.

नव्या परवान्याला कागद हवा म्हणून साहेबांनी जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची आतली सगळी लिखापढी, वाचून घेतली. कॉम्प्युटरवालीने तिला बोलावलं.

"मावशी, लिखापढीचं हे मोठं कडं. जगायला लागतं ते सगळं यात. धडधाकट आहे."

"असणारच. मी पोसलाय."

"आणि इथे एक छोटं कडं हवं होतं. विष कसं बनवायचं ते त्याच्यावर असतं."

"मग?"

"नाहीये. विष बनवण्यात जंतूची ताकद जाते. एखाद्याने ते कडं टाकून दिलं की तो हलका होतो, भराभर वाढतो. ताटलीत तोच उठून दिसतो."

उठून दिसणारा तर तीच उचलत होती.

हे ऐकून साहेबांनी आधी दार लावलं. अळ्यांची खोली त्यांनीच दोन वर्षांपूर्वी बंद केली होती. अळ्या पाळा, पावडर टाका, मेलेल्या मोजा, कशाला एवढा उपद्व्याप? तेव्हापासून फक्त जंतू मोजायचे. आणि जंतू रग्गड भरायचे.

"फ्रीझरमध्ये मूळ जंतूची जुनी कुपी आहे. उद्या तिच्यातून वाण उठव," साहेब म्हणाले.

"बाहेर गेलेल्या पावडरीचं काय?"

"त्या पावडरीने कुणी मरत नाही."

"तेच म्हणते मी. डाससुद्धा नाही."

"तोंड आवर. सुई तुझ्या हातात होती."

ती तडक धाकट्या बहिणीकडे गेली. धाकटीची नऊ वर्षांची पोर तीन आठवड्यांपूर्वी तापाने गेली होती. धाकटी मोरीत पिंपावर वाकली होती, तान्हं कडेवर.

"आज लवकर? हाकललं की काय तुला?"

"पिंप ओतून दे."

"कालच भरलंय. आणि पावडर टाकलीय, ताई, तुझीच. मी एक आठवडा चुकवत नाही."

"तिच्यात विष नाहीये. गेले बरेच महिने नसावं. माझ्या हातून झालं."

धाकटीने पिंपात पाहिलं. बारीक अळ्या वर येत होत्या, खाली जात होत्या.

"मला दिसायच्या या," ती म्हणाली. "वाटायचं, मरायला वेळ लागत असेल. ताईची पावडर आहे, मरतील."

जंतूंची आईही पिंपावर वाकली.

"माझी पोर तापाने पडली तेव्हाही हीच होती?"

"हीच."

धाकटीने तान्ह्याला खाटेवर ठेवलं. परत आली आणि पिंपाची कड धरली. "तिकडून धर."

दोघींनी पिंप आडवं केलं. पाणी फरशीवर पसरलं, अळ्या वळवळत राहिल्या. धाकटीने त्या पायाने चिरडल्या, सगळ्या, कोपऱ्यातल्यासुद्धा. मग काथ्या घेऊन पिंप आतून घासायला लागली.

"गल्लीत किती घरांना दिलीस?" तिने मान वर न करता विचारलं.

"सात."

"मग इथे काय उभी राहिलीस?"

"तू एकटी…"

"माझं जे व्हायचं ते झालंय. जा."

जंतूंची आई शेजारच्या दारात गेली. कडी वाजवली. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोण, पावडरवाली का? ये गं बाई, संपतच आली होती."