मधला खड्डा

धरणाच्या आखलेल्या रेषेवरचे चाचणी खड्डे बघत साहेब नाल्यापर्यंत आले आणि थबकले. ते खडकाचे जाणकार. काठावरच्या खड्ड्यांत नुसता मुरूम होता. भिंत पेलणारा खडक आहे की नाही, हे मधला खड्डाच सांगणार होता. तिथं मात्र जांभळाचं रोप उभं होतं.

ते प्रेरणानं लावलेलं. उन्हाळ्यात वडील, कारभारीनाना, गेले तेव्हा धाकटा भाऊ सोमनाथ रक्षा पैठणला गोदावरीत सोडू म्हणत होता. शेतातच पुरून वर झाड लावायचा हट्ट तिचा. मोजणीवाले अर्धवट खणून गेले होते, तो खड्डा आयताच होता. ते परत येतील यावर गावाचा विश्वास उरला नव्हता. तलावासाठी जन्मभर भांडलेल्या नानांनीही शेवटी नाद सोडला होता.

साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, की आज खडक दिसला नाही तर दुसऱ्या गावची जागा पक्की होईल. जमलेले लोक रोपाकडे बघू लागले. शहराला पाणी नेणारा मोठा पाइप याच शिवारातून जायचा आणि गाव टँकरची वाट बघायचं.

सोमनाथ रोपापुढे जाऊन उभा राहिला. जेसीबीवाल्याला त्यानं हातानंच थांबवलं.

"माती दिलेलं माणूस उकरत नसतेत. धरण गेलं चुलीत."

"धरणाला माणूस द्यावा लागतो, म्हणायचे जुने लोक," शेजारच्या लीलाबाई म्हणाल्या. "तुझा बाप न बोलावता जाऊन बसला. आता त्याच्या नावानं आमचा हंडा अडवू नको, बाबा."

कुणीतरी हसलं आणि लगेच खाली बघू लागलं. सोमनाथच्या मुठी वळल्या. तो लीलाबाईंकडे नाही, बहिणीकडे वळला.

"तूच आणलं त्यांना हितं, ताई. आता तूच सांग."

खरंच होतं. त्याचं ऐकलं असतं तर नाना केव्हाच वाहत्या पाण्याला लागले असते. मरणावर तिनं पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं एक अक्षर आत्ता आठवेना. लोक बघत होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहायचं टाळलं, तेही तिला दिसलं.

"मशीन नंतर," ती म्हणाली. "आधी फावडं द्या."

ती गुडघ्यांवर बसली. रोप मुळांसकट निघालं. खालची माती राखाडी होती आणि कितीही निवडली तरी राख वेगळी होईना. ती तरीही निवडत राहिली, तेव्हा सोमनाथनं तिच्या हातातलं फावडं घेतलं. घमेलं भरलं. मग दोघं बाजूला झाली आणि मशीन खाली उतरलं.

बऱ्याच वेळानं लोखंड दगडावर खणकलं. साहेब आत उतरले, हातोडी मारून त्यांनी कान दिला, ओला हात दगडावरून फिरवला.

"अखंड आहे," ते वर बघून म्हणाले. "भिंत इथूनच जाईल."

कुणी टाळी वाजवली नाही. लीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

प्रेरणानं रोप उचललं. "हे मी वर, पाणी पोचणार नाही तिथं लावते. घमेलं तू पैठणला ने."

सोमनाथ खड्ड्यात बघत राहिला.

"नाना समदे नाय निघाले, ताई. थोडे खालीच राहिलेत."

"राहू देत," ती म्हणाली.